आजोबांची पेटी साडेसहा हजारांना देऊ का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाडा पुनर्विकासाला जातोय, दोन महिन्यांत जागा रिकामी करायची आहे. माळ्यावरून आजोबांची पेटी (हार्मोनियम), मिरजेचा तंबोरा आणि तबला-डग्गा खाली आलाय. कोपऱ्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानदाराने तिन्हीचे मिळून साडेसहा हजार सांगितलेत, नाहीतर बदल्यात एक वापरलेला कीबोर्ड देतो म्हणतो. धाकटे मामा म्हणतात, "देऊन टाक, कोण वाजवणार आहे?" भावाचं म्हणणं, विकण्यापेक्षा गहाण ठेवू, पुढे सोडवून आणू. काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

साडेसहा हजारांना देऊ नका. बदल्यात कीबोर्डही घेऊ नका, निदान आत्ता नको. मी अठ्ठावीस वर्षं पुण्यात पेट्या दुरुस्त करतोय, जुनी वाद्यं घेतो आणि विकतो. तुमच्यासारखी माणसं माझ्याकडे बहुतेक वेळा विकून झाल्यावर येतात आणि विचारतात, "बरोबर भाव मिळाला का हो?" तुम्ही आधी विचारलंत याचा मला खरंच आनंद झाला.

त्या दुकानदाराला मी लबाड म्हणणार नाही. त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे. डग्गा तांब्याचा असेल तर तो काट्यावर तीन किलोच्या आसपास भरतो, म्हणजे मोडीत घातला तरी दोन हजारांच्या वर पैसे सुटतात. पेटीचं सागवान त्याला दिसतं. तंबोरा एखाद्या हॉटेलात किंवा दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवायला जातो, हे त्याला माहीत आहे. लाकूड, धातू आणि शोभा यांची बेरीज करून त्याने आकडा सांगितला. आवाजाचे पैसे त्यात धरलेलेच नाहीत, कारण त्याने एकही वाद्य वाजवून पाहिलेलं नाही. तुम्हाला ते पैसे हवे असतील तर आधी वाद्यांत आवाज कितपत शिल्लक आहे ते कळलं पाहिजे. ते तुम्ही घरबसल्या बऱ्यापैकी पाहू शकता.

पेटीपासून सुरुवात करा, कारण तिन्हीत जास्त पैसे बहुधा तिच्यातच असतील. पेटी कोरड्या जागी सतरंजीवर ठेवा. एकही पट्टी न दाबता भाता चार-सहा वेळा मारा. भाता धड असेल तर पुढे पुढे हाताला विरोध जाणवतो, ढकलवत नाही. हात सहज आत जात असेल आणि कुठूनतरी फुस्स आवाज येत असेल तर हवा गळतेय. घाबरू नका. भात्याचं कापड, चामडं, आतली लोकर हे सगळं बदलता येतं आणि त्याला फार खर्चही येत नाही. मग एकेक खटका (समोरचं ओढायचं बटण) उघडून डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी दाबा आणि कुठली मुकी आहे, कुठली अडकते, कुठली खरखरते ते कागदावर लिहा. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. तोही दोष मोठा नाही, थंडीत त्यांतल्या निम्म्या आपोआप सुटतात.

आता पेटी उघडा. बहुतेक पेट्यांना बाजूला पितळी कड्या असतात, त्या सोडवल्या की वरचा भाग उचलता येतो. काहींना स्क्रू असतात. ते घट्ट बसलेले असतील तर जोर लावू नका, कारागिराकडून उघडून घ्या. वरचा भाग उलटा केला की सुरांच्या ओळी दिसतील. पितळेचा छोटा तुकडा, त्यात खाच आणि खाचेवर पातळ जीभ, यालाच आम्ही सूर म्हणतो. पेटीचा जीव तो एवढाच. बाकी सगळं खोकं. एक ओळ असेल तर एकेरी सूर, दोन असतील तर डबल, तीन असतील तर खर्ज, नर आणि मादी अशी तिहेरी पेटी. कप्लर असेल तर एक पट्टी दाबल्यावर वरच्या किंवा खालच्या सप्तकातली पट्टी आपोआप दबते, तेही लिहून ठेवा. बोटांनी दाबायच्या पट्ट्या मोजा. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ असतात.

मग बॅटरी घेऊन जिभांकडे नीट बघा. सूर चढवायचा असेल तर आम्ही जिभेचं टोक खरवडतो आणि उतरवायचा असेल तर बुडाशी, रिबिटीजवळ खरवडतो. म्हणजे प्रत्येक ट्यूनिंगला पितळ थोडं झिजतं. जिभेवर हलके, एका दिशेचे ओरखडे असतील तर चांगल्या हाताने काम केलेलं आहे. आडवेतिडवे खोल ओरखडे असतील, टोकं कागदासारखी पातळ झाली असतील, तर त्या सुरांचं आयुष्य संपत आलंय. जुने सूर काळपट-तपकिरी दिसतात. ते घासून चमकवायला जाऊ नका. ब्रासोचा हात फिरलेली पेटी माझ्याकडे आली की पहिला अर्धा दिवस ती भुकटी काढण्यात जातो.

सूर जर्मन किंवा पॅरिसचे असतील तर भाव एकदम वेगळा होतो. पूर्वी तिकडून सूर यायचे आणि जुन्या चांगल्या पेट्यांत ते अजून वाजतात. नंतर गुजरातेतल्या पालिताण्याच्या सुरांचं नाव झालं, तेही चांगलेच. तुमच्या पेटीत नक्की कुठले आहेत हे फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही. ते हातात घेऊन आणि ऐकून ठरवावं लागतं. पण बनवणाऱ्याचं लेबल, ठसा, पत्ता, जे काही सापडेल त्याचा फोटो घ्या. आतल्या लाकडावर पेन्सिलीने काही लिहिलंय का तेही पाहा. मी प्रत्येक पेटीत कामाची तारीख आणि पेटी कुठल्या स्वरात लावली ते लिहून ठेवतो, माझ्या उस्तादांनी लावलेली सवय आहे ती. आजोबांची पेटी कधी आणि कितीदा दुरुस्तीला गेली हे कदाचित तिथेच सापडेल.

या पेन्सिलीवरून आठवलं ते सांगायलाच हवं. एक निवृत्त शिक्षिका त्यांची पेटी घेऊन माझ्याकडे आल्या. "आवाज गेला हो हिचा," म्हणाल्या. त्याआधी ती त्यांनी एका दुकानात महिनाभर ठेवली होती. "विकून देतो" असं सांगून दुकानदाराने ठेवून घेतली, गिऱ्हाईक आलं नाही म्हणून परत दिली. मी उघडली. आत माझ्याच अक्षरात सहा वर्षांपूर्वीची तारीख होती. लाकूड तेच होतं. पण मधल्या सप्तकातले सूर पिवळेधमक नवे, आणि त्यांच्या शेजारचे जुने काळपट. स्क्रूची डोकीसुद्धा चकचकीत. त्यांच्या पेटीतले चांगले सूर कोणाच्या तरी दुसऱ्या पेटीत गेले होते. पावती नव्हती, फोटो नव्हते, सिद्ध काहीच करता आलं नाही. त्या बाई माझ्यासमोर बसून त्या पट्ट्यांवरून नुसता हात फिरवत राहिल्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला बजावतो, की वाद्य विक्रीला ठेवायचं असेल, दुरुस्तीला जरी द्यायचं असेल, तरी आधी सुरांच्या ओळींचे जवळून फोटो काढा. एखाद्या ओळखीच्या खुणेसकट काढा आणि वाद्य घेतल्याची पोच दुकानदाराच्या सहीने घ्या. तुम्हीही हे आजच करा.

पेटीवर विक्रीआधी किती खर्च करावा? गळती थांबवा आणि अडकलेल्या पट्ट्या मोकळ्या करा. बस. पॉलिश करू नका, कारण जाणकार माणूस नव्या पॉलिशखाली काय लपवलंय ते आधी शोधतो. ट्यूनिंगही करून घेऊ नका. घेणारा त्याला हव्या त्या स्वरात लावून घेतो, तुमचे पैसे आणि सुरांचं पितळ दोन्ही वाया जातं.

भाव माझ्या दुकानाच्या अनुभवावरून सांगतो. डबल सुराची, कप्लरची, भाता धड असलेली पण ट्यूनिंग उतरलेली पेटी मी आठ ते बारा हजारांना घेतो. सूर खरोखर उंची दर्जाचे असतील तर त्याच्या दुप्पट द्यायलाही माझी तयारी असते. सूर मेलेले असतील तर तीन हजारांवर जात नाही. म्हणजे एकटी पेटीच त्या साडेसहा हजारांच्या पुढे जाण्याची शक्यता बरीच आहे.

तबला-डग्ग्याचं लवकर आटोपतं. पुड्या (वरची चामडी) फाटल्या असतील, शाईचे (मधल्या काळ्या गोलाचे) तुकडे पडले असतील, वादी (ताणाची चामडी दोरी) कुजली असेल, तरी मनाला लावून घेऊ नका. पुडी ही बदलायचीच वस्तू आहे. किंमत आहे ती खोडाची (तबल्याच्या लाकडी भांड्याची) आणि डग्ग्याच्या भांड्याची. खोड हातात घ्या. शिसवीचं किंवा खैराचं असेल तर आकाराच्या मानाने जड लागतं. आतून भेग आहे का, किडीची बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा आहे का, ते पाहा. डग्ग्याला लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंडी पत्रा, त्याला फारसं मोल नाही. चिकटला नाही तर बुडाशी एका कोपऱ्यात नखभर खरवडून बघा. वर चांदीसारखा मुलामा असला तरी खाली लालसर निघालं तर तांबं, पिवळं निघालं तर पितळ. तांब्याचा जड डग्गा आणि शिसवी खोड अशी जोडी पुड्या गेलेल्या अवस्थेतही चार-साडेचार हजारांना सहज जाते, तबल्याचे विद्यार्थी शोधतच असतात. ती मोडीत जाऊ देऊ नका. चांगल्या घुमाऱ्याचं भांडं काट्यावर चढलेलं मला बघवत नाही.

तंबोऱ्याचं मात्र खरं ते सांगतो. त्याची मागणी कमी झाली आहे. आधी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, आता मोबाइलमध्येच तंबोरा मिळतो. क्लासला जाणारी मुलं लाकडी तंबोरा घेत नाहीत. तरीही मिरजेचा तंबोरा हा मिरजेचा तंबोरा आहे. तिथली सतारमेकर मंडळी पिढ्यान्पिढ्या हे काम करतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गळ्याजवळ किंवा दांडीवर कारागिराच्या नावाची पट्टी असेल तर तिचा फोटो घ्या. भोपळ्याला बोटाने हलकी टिचकी मारत फिरा. आवाज एखाद्या ठिकाणी फुटका, बसका आला तर तिथे चीर आहे. दांडी डोळ्याच्या रेषेत धरून वाक आहे का पाहा आणि दांडी-भोपळ्याचा सांधा उघडलाय का तेही. खुंट्या घसरणं, तारा गंजणं, जवारी (तारा टेकतात त्या घोडीचा गुंजणारा पृष्ठभाग) बसलेली असणं, हे सगळं दुरुस्त होतं. भोपळा फुटलेला असेल तर काम मोठं आणि कारागीर मोजके. जनानी (बायकांच्या आवाजाच्या) तंबोऱ्यापेक्षा मर्दानीला (पुरुषांच्या आवाजाच्या) गिऱ्हाईक शोधायला जास्त वेळ लागतो असा माझा अनुभव आहे. धड असेल तर आठ ते पंधरा हजार मिळतात, पण एखाद्या गवय्याची वाट पाहावी लागते.

तंबोऱ्याच्या बाबतीत एक कायद्याची गोष्ट, आणि ही हलक्यात घेऊ नका. जुन्या वाद्यांत घोडी, मेरू, मणी किंवा दांडीवरची नक्षी कधीकधी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या वस्तूंचा व्यापार करता येत नाही, आणि वस्तू वारशाने आलेली आहे म्हणून विकण्याची मोकळीक मिळत नाही. नुसत्या डोळ्यांनी हाड, प्लॅस्टिक आणि हस्तिदंत ओळखणं अवघड असतं. शंका आली तर विक्रीची गोष्ट थांबवा आणि वनविभागाच्या कार्यालयात विचारा. जाहिरातीत "अस्सल हस्तिदंती" असं लिहून तर अजिबात टाकू नका. तसंच, परदेशातल्या कोणी नातेवाइकाने पेटी मागितली आणि ती शंभर वर्षांहून जुनी असेल, तर पुरावशेषांच्या १९७२च्याच कायद्याची तपासणी केल्याशिवाय पाठवू नका.

आता गहाण ठेवण्याचं. आपल्याकडे सोन्यावर पैसे मिळतात, पेटीवर कोणी परवानाधारक सावकार सहसा देत नाही. "ठेवून जा, चार हजार घेऊन जा, दोन महिन्यांनी सोडवा" असं म्हणणारा जुन्या सामानाचा दुकानदार असेल तर त्याला सावकारीचा परवाना आहे का ते आधी विचारा. महाराष्ट्रात २०१४च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे तो लागतो. तारण ठेवलेल्या वस्तूबद्दल १८७२च्या करार कायद्याची कलमं १७२ ते १७७ सावकाराइतकाच तुमचाही विचार करतात. मुदत उलटली तरी विकण्याआधी त्याने तुम्हाला वाजवी नोटीस द्यायला हवी, आणि वस्तू प्रत्यक्ष विकली जाईपर्यंत पैसे आणि त्यावरचा खर्च भरून ती सोडवून घेण्याचा हक्क तुमचा असतो. पण अशा दुकानात होतं काय, तर सही घेतात ती "विकत दिले" अशा पावतीवर. मग तारण राहिलंच नाही, विक्री झाली. भावाला हे वाचून दाखवा. पुढे परत आणायचीच असेल तर पेटी एखाद्या भजनी मंडळाला किंवा गाण्याच्या क्लासला वापरायला द्या, लेखी देऊन. वाजती राहिलेली पेटी माळ्यावरच्या पेटीपेक्षा चांगल्या स्थितीत परत येते.

कीबोर्डच्या अदलाबदलीला मी नको म्हणालो, कारण अदलाबदलीत दुकानदाराला दोन्हीकडून सुटतं. तुमची वस्तू कमी धरायची, त्याची जास्त धरायची, आणि मधला आकडा तुम्हाला कधी कळतच नाही. घरात कोणाला कीबोर्ड हवाच असेल तर आधी तुमच्या तिन्ही वाद्यांचा रोख भाव वेगळा विचारा, मग कीबोर्डचा रोख भाव वेगळा विचारा, आणि तोच कीबोर्ड दुसऱ्या दुकानात केवढ्याला मिळतो ते पाहा. मगच दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

कोणाला विकावं, याचा माझा क्रम ठरलेला आहे. पहिल्यांदा आजोबांच्या गाण्याच्या वर्तुळातली माणसं, त्यांचे शिष्य, ते ज्या मंडळात वाजवायचे ते भजनी मंडळ. ती पेटी त्यांनी ऐकलेली असते, त्यांना तिच्याबद्दल पटवावं लागत नाही. मग जवळपासचे संगीत शिक्षक. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक-प्रवेशिकेला बसणाऱ्या मुलांचे पालक नव्या पेटीचा भाव ऐकून बिचकतात आणि शिक्षकांना "वापरलेली बघा ना एखादी" म्हणतात. मग माझ्यासारखे कारागीर. आम्ही थोडे कमी देतो, कारण दुरुस्तीचा खर्च आणि पडून राहण्याचा धोका आमचा, पण व्यवहार एका दिवसात होतो. जुना बाजार आणि कोपऱ्यावरचं दुकान सगळ्यात शेवटी. वेळही बघा. आषाढी, श्रावण आणि गणपतीच्या आधी भजनी मंडळं पेट्या शोधतात, तेव्हा चार पैसे जास्त मिळतात. पण भर पावसात पेटी दाखवायची तर दोन दिवस आधी कोरड्या खोलीत उघडी ठेवा.

ऑनलाइन जाहिरात जरूर टाका, पण पेटी वाजवतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ टाका, खालच्या सा पासून वरपर्यंत सगळे स्वर आणि मुक्या पट्ट्याही दाखवा. दोष लपवले की माणूस घरी येऊन भाव पाडतो, आधी सांगितले की पाडत नाही. आणि "मी फौजी आहे, न बघताच घेतो, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील" असा फोन आला की ठेवून द्या. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की आपले पैसे जातात.

व्यवहार कोणाशीही झाला तरी कागद करा. वाद्याचं वर्णन, फोटो, रक्कम, तारीख, दोघांची नावं, सह्या, ओळखपत्राची प्रत. मी विकणाऱ्याकडून हे घेतो तेव्हा काहींना राग येतो, पण चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि क्लासमधून चोरीला गेलेला तबला माझ्या दारात विकायला आलेला मी पाहिलाय. जो दुकानदार कागद नको म्हणतो त्याला वाद्य देऊ नका. या कागदाआधी एक गोष्ट घरातच करून घ्या. आजोबांची वस्तू आहे, तर आई, मावशी, दोन्ही मामा, सगळ्यांना विचारा. पैशांसाठी नव्हे. मागच्या वर्षी मी एक पेटी घेतली आणि तिसऱ्या दिवशी विकणाऱ्याची बहीण नागपूरहून आली, "बाबांनी मला त्याच पेटीवर सा शिकवला होता" म्हणत. मी घेतली त्याच किमतीला तिला परत दिली. ती पेटी त्या तीन दिवसांत पुढे गेली असती तर माझ्याही हातात काही नव्हतं.

सामान हलवायला माणसं येण्याआधी तंबोऱ्याच्या तारा अर्ध्याने सैल करा, घोडी सरकू नये म्हणून खाली पातळ कापड घाला आणि भोपळ्याभोवती जुनी गोधडी गुंडाळून तो गाडीत मांडीवर घ्या, ट्रकमध्ये टाकू नका. पेटीच्या भात्याची कडी लावा, सगळे खटके बंद करा. आणि सुरांच्या ओळींचे फोटो काढलेत की मला पाठवा. पट्ट्यांची ती यादीही सोबत हवी, मुकी कुठली, खरखरती कुठली. मग मी तुम्हाला नेमका आकडा सांगतो.